‘हायड्रेशन’ म्हणजे नेमकं कुठलं पाणी? मुरुमांवरच्या एका दाव्याची उलटतपासणी

पेटची लेखी परीक्षा आटोपली की सिनॉप्सिस आणि मुलाखतीचा हंगाम सुरू होतो. मग एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येतो: “लिटरेचर रिव्ह्यूमध्ये ‘क्रिटिकल’ असं नक्की काय करायचं असतं?” बहुतेक जण वीस पेपर गोळा करतात, प्रत्येकाचा सारांश दोन ओळींत लिहितात आणि शेवटी “यावरून असे दिसून येते की” म्हणून मोकळे होतात. ती झाली यादी. रिव्ह्यू करायचा म्हणजे एखादं विधान धरायचं, ते जिथून निघालं तिथपर्यंत मागे चालत जायचं, आणि वाटेत ते कुठे कुठे बदललं याची नोंद ठेवायची.

आज एकच विधान घेऊ: भरपूर पाणी प्यायलं की चेहऱ्यावरचे मुरूम कमी होतात.

त्वचेच्या वरच्या थरातून पाणी कसं निसटतं, हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे हे विधान मला आठवड्यातून एकदा तरी भेटतंच. आत्याकडून, मेसमधल्या काकूंकडून, ‘रोज तीन लिटर’वाल्या रील्समधून आणि (हे जास्त काळजीचं) प्रबंधांच्या प्रस्तावनेतूनही. आपल्याकडे त्याला आणखी एक जोड आहे, ती म्हणजे “अंगात उष्णता वाढलीय”. मुरूम म्हणजे उष्णता, आणि उष्णतेला उतारा पाणी, सब्जा, गुलकंद, वाळा. इथे पाणी थंड करतं. इंटरनेटवरच्या आवृत्तीत तेच पाणी ‘टॉक्सिन्स’ धुऊन काढतं. कारणं दोन, सल्ला एकच. ऐकणाऱ्याला अशा वेळी सल्ला दुप्पट खरा वाटतो. आपल्याला मात्र इथे शंका यायला हवी. कुठलंही कारण जोडलं तरी चालतंय, याचा अर्थ कारण कोणी तपासलेलंच नाही.

तर आधी मुरूम कसा होतो ते पटकन बघू. केसाच्या मुळाशी तेलग्रंथी असते. पौगंडावस्थेत अँड्रोजेन संप्रेरकांमुळे ती जास्त तेल बनवायला लागते. रोमकूपाच्या आतल्या पेशी नीट झडत नाहीत, एकमेकींना चिकटून बूच तयार होतं. आत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नीस नावाचे जिवाणू असतात (जुन्या पुस्तकांत यांचं नाव प्रोपिओनीबॅक्टेरियम आहे, मुलाखतीत दोन्ही माहीत असू द्या). त्यातून दाह सुरू होतो. तेल, बूच, जिवाणू, दाह. या चौघांत प्यायलेलं पाणी कुठे शिरतं ते तुम्हीच शोधा. तेलग्रंथीतून घामासारखा द्रव पाझरत नाही. तिथली पेशी स्वतःच चरबीने भरते, फुटते आणि तिचाच स्राव होतो. पाणी प्यायल्याने तो पातळ होऊन वाहून जाईल ही कल्पना म्हणजे तुपाची बरणी बाहेरून पाणी ओतून विसळण्यासारखी आहे. आणि ‘टॉक्सिन्स’? कुठले, रक्तात किती, मुरुमांशी त्यांचा संबंध कसा मोजला? हे तीन प्रश्न विचारले की तो शब्द बहुतेक वेळा गप्प बसतो.

पण यंत्रणा सापडत नाही म्हणून परिणाम नाही, असंही म्हणता येत नाही. औषधशास्त्रात आधी परिणाम दिसला आणि यंत्रणा पन्नास वर्षांनी कळली अशी उदाहरणं भरपूर आहेत. म्हणून पुरावा बघू.

‘आठ ग्लास’पासून सुरुवात करणं भाग आहे, कारण जो तो तिथूनच सुरू करतो. २००२ साली हाइन्झ वाल्टिन या मूत्रपिंड-शरीरक्रियातज्ज्ञांनी एक लांबलचक रिव्ह्यू लिहिला. प्रश्न साधा होता: रोज आठ ग्लास पाणी प्या, याला आधार काय? निरोगी, समशीतोष्ण हवामानात राहणाऱ्या, फारसे कष्ट न करणाऱ्या प्रौढांसाठी असा नियम सांगणारा शास्त्रीय पुरावा त्यांना सापडला नाही. हा आकडा कुठून आला असावा, याच्या शोधात एक धागा १९४५ पर्यंत जातो. त्या वर्षी अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने प्रौढांना दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी पुरतं असं म्हटलं होतं. त्याला लागूनच त्यांनी हेही सांगितलं होतं की यातलं बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं. अडीच लिटर पुढे गेले, अन्न मागे राहिलं. भात, आमटी, ताक, कलिंगड, चहा हे सगळं हिशेबातून गळालं आणि उरले ग्लास.

वाल्टिन यांचा रिव्ह्यू मुद्दाम वाचा. निवृत्त प्राध्यापकाने शांतपणे एका वाक्याचा माग काढलाय. ‘क्रिटिकल’ म्हणजे काय ते तिथे कळतं. शेवटी ते असंही म्हणत नाहीत की पाणी पिऊ नका. उष्ण हवामान, कष्टाचं काम, मूतखडा असे अपवाद ते आठवणीने नोंदवतात. महाराष्ट्रात हे अपवाद छोटे नाहीत हेही लक्षात ठेवा. चंद्रपूरच्या मे महिन्यात रस्त्यावर काम करणाऱ्या माणसाला हा रिव्ह्यू दाखवून पाणी कमी प्यायला सांगणं म्हणजे पेपर वाचूनही न वाचल्यासारखं.

पण वाल्टिन यांचा विषय मुरूम नव्हता. मुरुमांचा दावा वेगळ्या रस्त्याने येतो, आणि तो रस्ता एका शब्दातून जातो. तो शब्द म्हणजे हायड्रेशन.

गेल्या महिन्यात एका ज्युनिअरचा सिनॉप्सिस वाचत होते. विषय चांगला होता, भाषा नीट होती. प्रस्तावनेत एक वाक्य होतं: “पुरेसे हायड्रेशन मुरुमांच्या व्यवस्थापनात उपयुक्त ठरते हे संशोधनाने सिद्ध झाले आहे.” पुढे संदर्भ क्रमांक. मी तो पेपर उघडला. त्यात मुरुमांचा एकही रुग्ण नव्हता.

तिने काही चोरून लिहिलं नव्हतं. तिने जिथून वाक्य घेतलं त्या रिव्ह्यूमध्येच ते तसं होतं, आणि त्या रिव्ह्यूने ते बहुधा आणखी कुठून घेतलं असणार. हे का होतं ते समजून घ्यायला ‘हायड्रेशन’ या एका शब्दात किती वेगवेगळी पाणी आहेत ते बघावं लागेल.

पहिलं पाणी अख्ख्या शरीराचं. रक्तातली क्षारांची तीव्रता शरीर फार घट्ट धरून ठेवतं, साधारण २७५ ते २९५ मिलिऑस्मोल प्रति किलो. जरा कमी प्यायलात तर तहान लागते आणि मूत्रपिंड पाणी राखतं, जास्त प्यायलात तर लघवी वाढते. निरोगी माणसाने दोन ग्लास जास्त प्यायले तर ते चेहऱ्याकडे निघत नाहीत, बाथरूमकडे निघतात. हे पाणी मोजायचं तर रक्त किंवा लघवीची ऑस्मोलॅलिटी मोजतात.

दुसरं पाणी त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातलं, म्हणजे स्ट्रॅटम कॉर्नियममधलं. हा थर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या पन्नासाव्या-शंभराव्या भागाएवढा पातळ. मेलेल्या पेशी आणि त्यांच्यामध्ये चरबीचा गिलावा. त्यात रक्तवाहिन्या नाहीत. खालच्या त्वचेत जवळजवळ ७० टक्के पाणी असतं, वर येता येता ते ३० टक्क्यांच्याही खाली जातं. वर किती पाणी टिकेल हे ठरतं गिलाव्यातल्या सेरामाइड्सवर, पेशींतल्या पाणी धरणाऱ्या घटकांवर, आणि बाहेरच्या हवेवर. तुमची त्वचा डिसेंबरात नाशिकला आणि जुलैत रत्नागिरीला सारखी नसते. पिण्याचं पाणी तेवढंच असलं तरी. हे पाणी मोजायला कॉर्निओमीटर वापरतात. विद्युत धारकता मोजून तो पाण्याचा अंदाज देतो.

तिसरं म्हणजे त्वचेतून हवेत उडून जाणारं पाणी. याला टीईडब्ल्यूएल म्हणतात आणि माझा निम्मा दिवस याच्याच मागे जातो. हे वाढलं म्हणजे गिलाव्याला भेगा आहेत.

आणि बाजारात चौथाही एक अर्थ फिरतो: ‘हायड्रेटिंग’ क्रीम. तो चेहऱ्यावर बाहेरून लावायचा.

आता गंमत बघा. “मुरुमांच्या रुग्णांत हायड्रेशन बिघडलेलं असतं” हे वाक्य तिसऱ्या अर्थाने खरं असू शकतं. १९९५ साली जपानी संशोधकांनी मुरूम असलेल्यांच्या त्वचेतून पाणी जास्त उडून जातं आणि सेरामाइड्स कमी असतात असं दाखवलं. त्यावरून “मुरुमांत हायड्रेशन महत्त्वाचं” हे वाक्य तयार झालं. ते चौथ्या अर्थाने वाचलं तर “मॉइश्चरायझर लावा” असा सल्ला निघतो, आणि तो बरोबरच आहे. आयसोट्रेटिनॉइन, अ‍ॅडापलीन, बेन्झॉइल पेरॉक्साइड ही औषधं त्वचा कोरडी करतात, जळजळ होते, आणि मॉइश्चरायझर सोबत असलं की रुग्ण औषध मध्येच सोडण्याची शक्यता कमी होते. पण तेच वाक्य पहिल्या अर्थाने वाचलं की सल्ला होतो “पाणी प्या”. पुरावा एका पाण्याचा, सल्ला दुसऱ्या पाण्याचा. मध्ये पूल कोणी बांधला? कोणीच नाही. शब्द एक असल्याने पूल आहे असं फक्त वाटलं.

उलट बाहेरून मुरणारं पाणी मुरुमांना मदत करतंच असंही नाही. १९७४ मध्ये लीड्सच्या कनलिफ यांच्या गटाने असं मांडलं की पाणी मुरून फुगल्यावर रोमकूपाचं तोंड आकसतं. दमट उष्ण प्रदेशात पाठवलेल्या सैनिकांमध्ये उसळणारे ‘ट्रॉपिकल अ‍ॅक्ने’ दुसऱ्या महायुद्धापासून नोंदलेले आहेत. कोकणात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. म्हणजे ‘पाणी चांगलं’ हे विधान कुठल्या पाण्याबद्दल, कुठल्या थरात, याशिवाय निरर्थक आहे.

आता त्या पेपरकडे येऊ, कारण तो वाईट नाही आणि त्याच्यावर अन्याय नको. लिस्बनच्या पाल्मा आणि सहकाऱ्यांनी तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. ४९ निरोगी तरुण स्त्रिया. अन्न आणि पेयं धरून दिवसाला ३२०० मिलिलिटरपेक्षा कमी पाणी घेणाऱ्या एका गटात, जास्त घेणाऱ्या दुसऱ्या गटात. दोन्ही गटांनी महिनाभर नेहमीच्या आहारात रोज २ लिटर पाण्याची भर घातली. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी त्वचेच्या वरच्या आणि खोल थरातलं पाणी आणि त्वचेची लवचीकता मोजली. आधी कमी पिणाऱ्यांमध्ये सुधारणा जास्त ठळक दिसली.

इथे थांबा आणि स्वतः विचार करा. मुलाखतीत हा पेपर समोर ठेवून “मर्यादा सांगा” म्हटलं, तर काय सांगाल?

“नमुना लहान आहे” हे उत्तर सगळेच देतात. ते चूक नाही, पण आळशी आहे. ४९ जणी हा यंत्रांनी मोजायच्या शरीरक्रियेच्या अभ्यासाला फार कमी आकडा नाही. खरी अडचण तुलनेची आहे. दोन्ही गटांनी जादा पाणी प्यायलं. जादा पाणी न पिणारा, पण तितक्याच वेळा मोजला जाणारा गट नाही. महिनाभरात हवा बदलली असेल, क्रीम बदललं असेल, किंवा अभ्यासात आहोत म्हणून चेहऱ्याची जरा जास्त काळजी घेतली गेली असेल. हे सगळं ‘पाण्याचा परिणाम’ या खात्यात जमा होऊ शकतं. लेखक म्हणतील, दोन गटांत फरक पडला ना? पडला. पण ते गट चिठ्ठ्या टाकून केलेले नाहीत, त्यांच्या सवयींवरून पडलेले आहेत. कमी पाणी पिणाऱ्या स्त्रिया इतरही दहा बाबतींत वेगळ्या असू शकतात. शिवाय ज्यांची सुरुवातीची मोजणी खालच्या टोकाला असते त्यांची दुसरी मोजणी आपोआप थोडी वर सरकते. याला सरासरीकडे परतणं म्हणतात, आणि पहिल्या सेमिस्टरच्या संख्याशास्त्रात आपण हे सगळे पाठ करून विसरलेलो आहोत.

दुसरी गोष्ट म्हणजे मोजलेलं काय? त्वचेतलं पाणी. मुरूम कोणी मोजलेच नव्हते, कारण तो प्रश्नच नव्हता. लेखकांनी मुरुमांबद्दल दावा केलेला नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दोष पेपरचा नाही, पेपरला उद्धृत करणाऱ्यांचा आहे. टीका लिहिताना हे दोन गुन्हेगार वेगळे ठेवा. बऱ्याच सिनॉप्सिसमध्ये मूळ लेखकालाच झोडपलेलं असतं आणि मधले दलाल सुटतात.

२०१८ मध्ये बर्लिनच्या अकडेनिझ आणि सहकाऱ्यांनी पद्धतशीर रिव्ह्यू केला. पिण्याच्या पाण्याने निरोगी माणसाच्या त्वचेतलं पाणी वाढतं का, हा प्रश्न. दोनशेहून थोड्या जास्त नोंदींतून शेवटी निकषांत बसले सहा अभ्यास. निष्कर्ष सौम्य: वरच्या थरातलं पाणी किंचित वाढत असावं, मुख्यतः आधी कमी पिणाऱ्यांत, पण पुरावा कमकुवत. लक्षात घ्या, हा प्रश्नसुद्धा निरोगी त्वचेबद्दलच आहे. तिथेच ही स्थिती. मुरूम तर अजून दोन पायऱ्या लांब. पाणी प्यायल्याने वरचा थर ओलसर होतो, ही पहिली पायरी. तेवढ्या ओलाव्याने गिलावा सुधारतो, ही दुसरी. आणि गिलावा सुधारल्याने मुरूम कमी होतात, ही तिसरी. पहिली पायरी डुगडुगते आहे, आणि आपण थेट गच्चीवर उभं राहून भाषण करतोय.

मग “पाण्याचा मुरुमांशी काहीही संबंध नाही” असं लिहू का? नको. इथे दुसऱ्या टोकाचा खड्डा आहे, आणि त्याचं उदाहरण त्वचारोगशास्त्राच्या इतिहासातच आहे: चॉकलेट.

१९६९ मध्ये फुल्टन, प्लेविग आणि क्लिगमन यांनी ६५ जणांवर प्रयोग केला, त्यात काही किशोरवयीन रुग्ण आणि काही तुरुंगातले कैदी. चार आठवडे चॉकलेटची वडी, चार आठवडे चॉकलेट नसलेली तशीच दिसणारी वडी. मुरुमांत फरक नाही. त्यानंतर कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत “आहाराचा मुरुमांशी संबंध नाही” असं शिकवलं गेलं. अडचण अशी की तुलनेच्या वडीतही साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती. म्हणजे प्रयोगाने फार तर इतकंच सांगितलं की कोकोमुळे वेगळा फरक पडला नाही. साखरेबद्दल तो मुका होता. शिवाय मदत चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेची. आणि कैद्यांवरचे प्रयोग, त्यावर वेगळी पोस्टच लिहावी लागेल. एका प्रयोगाचा ‘नाही’ इतका लांब ताणला गेला की पुढच्या पिढीला आहाराचा प्रश्न पुन्हा उघडायला २००७ उजाडावं लागलं. तेव्हा ऑस्ट्रेलियात स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १५ ते २५ वयाच्या ४३ मुलग्यांवर बारा आठवड्यांचा प्रयोग केला. रक्तातली साखर हळू वाढवणारा आहार घेणाऱ्यांत मुरूम जास्त कमी झाले. पण त्यांचं वजनही कमी झालं, त्यामुळे श्रेय आहाराला की वजनाला हे पूर्ण सुटलं नाही. संशोधन असंच चालतं, एक गाठ सोडवताना दुसरी बसते.

आणि इथे मला पाण्याचा खरा प्रश्न दिसतो. कोणी म्हणालं, “मी रोज तीन लिटर पाणी प्यायला लागले आणि माझा चेहरा साफ झाला,” तर तिला खोटं ठरवायची घाई नको. तिला विचारा: पाणी वाढवलं तेव्हा काय कमी झालं? कॉलेजच्या कँटीनमधलं कोल्ड्रिंक, दिवसाला पाच गोड चहा, की संध्याकाळचा मिल्कशेक? ग्लासाची जागा ग्लासच घेतो. मग परिणाम झाला असेल तर तो आलेल्या पाण्याचा की गेलेल्या साखरेचा? त्याच महिन्यात परीक्षा संपली का, पाळीच्या चक्रात कुठे होती, जेल लावत होती का? आणि मुरूम स्वतःच चढ-उतार करतात. माणूस उपाय सुरू करतो तो बहुतेक सगळ्यात वाईट आठवड्यात. त्यानंतर काहीही केलं तरी थोडं बरं वाटणारच. औषधांच्या चाचण्यांत नुसतं औषधाविना क्रीम लावणाऱ्यांचे मुरूमही लक्षणीय कमी होतात, ते उगाच नाही.

कुणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशाला? पाणी फुकट आहे, निरुपद्रवी आहे, प्यायला सांगितलं तर बिघडलं काय?

निरुपद्रवी पूर्णपणे नाही. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना पाणी मोजून दिलं जातं, आणि थोड्या वेळात फार पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला उतरू शकतं. पण मला जास्त बोचतं ते वेगळंच. गाठी असलेले, दुखणारे मुरूम वेळेवर उपचार न मिळाल्यास खड्डे ठेवून जातात. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत तर मुरूम गेल्यावरही काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. सहा महिने “आधी पाणी वाढवून बघ” यात गेले तर ते सहा महिने फुकट नसतात. त्यातही ज्या मुलीचे मुरूम स्टेरॉइड मिसळलेलं गोरं करणारं क्रीम लावून उठले आहेत, तिला कोणी ट्यूब दाखव म्हणत नाही, पाणी पी म्हणतात. अनियमित पाळी आणि हनुवटीवरचे केस यांसह मुरूम असतील तर संप्रेरकांची तपासणी हवी. तिथेही आधी बाटलीच पुढे येते. आणि सल्ल्यात एक छुपा आरोप असतो: तुझ्या चेहऱ्याला तूच जबाबदार, साधं पाणी पीत नाहीस.

साधं पाणी! बाहेर दिवसभर असणाऱ्या बायका पाणी कमी का पितात हे आपल्याला माहीत नाही का? वापरण्याजोगी स्वच्छतागृहं नाहीत म्हणून. मुंबईत ‘राइट टू पी’ नावाची चळवळ २०११ पासून याच कारणासाठी उभी राहिली. हे मी सामाजिक शेपूट म्हणून जोडत नाहीये, ही पद्धतीची अडचण आहे. तुम्ही प्रश्नावलीत “दिवसाला किती ग्लास पाणी पिता?” विचारता तेव्हा तुम्ही नुसती सवय मोजत नाही. प्रवासाचे तास, हॉस्टेलचं संडास, नळाला पाणी किती वाजता येतं, कामाचं स्वरूप हे सगळं एका आकड्यात घुसतं. आणि यातल्या काही गोष्टी झोपेशी, ताणाशी, घामाशी, उपचार परवडण्याशी जोडलेल्या आहेत. अशा सर्वेक्षणात कमी पाणी आणि जास्त मुरूम यांचा संबंध निघाला तर तो पाण्याचा म्हणून छापू नका. आणखी एक: ‘ग्लास’ म्हणजे किती? माझ्या घरी स्टीलचा पेला २५० मिलिलिटरचा, मेसमधला त्याच्या निम्मा.

ज्युनिअरने विचारलं, मग नीट अभ्यास कसा करायचा? आम्ही दोघींनी फळ्यावर मांडून बघितलं. मध्यम मुरूम असलेले, आणि मुळात कमी पाणी पिणारे सहभागी. हे ‘कमी’ त्यांच्या सांगण्यावर नाही, लघवीच्या ऑस्मोलॅलिटीवर ठरवायचं. चिठ्ठ्यांनी दोन गट. दोघांना एकच साधं प्रमाणित औषध आणि एकच मॉइश्चरायझर, कारण मुरुमांच्या रुग्णाला तीन महिने बिनउपचार ठेवायला नीतिमत्ता समिती परवानगी देणार नाही आणि देऊही नये. एका गटाला वर रोज ठरावीक पाणी. पाणी पिणाऱ्याला आपण पाणी पितोय हे कळणारच, तेव्हा त्याला अंधारात ठेवता येत नाही. पण मुरूम मोजणाऱ्याला ठेवता येतं: फोटो एकाच प्रकाशात, तारखा झाकून, दोन जणांनी स्वतंत्र मोजायचे. बारा आठवडे, कारण मुरुमांत त्याहून लवकर बोलणं उतावीळपणाचं. इतर पेयांची रोजनिशी, पाळीची नोंद. नागपुरात मार्चमध्ये सुरू करून जूनमध्ये संपवायचा नाही, ऋतूच सगळं खाऊन टाकेल. सुरू करण्याआधी सीटीआरआयवर नोंदणी.

इथपर्यंत जमलं. मग अडलं ते तुलनेच्या गटापाशी. त्यांना काय सांगायचं? “जेवढं पिताय तेवढंच प्या” म्हटलं तर कमी पिणाऱ्या माणसाला तीन महिने कमीच प्यायला सांगितल्यासारखं होतं, तेही आपल्या हवेत. काहीच नाही सांगितलं तर संमतिपत्रात ‘पाणी आणि मुरूम’ वाचून ते घरी जाऊन बाटली भरणार, आणि दोन गटांतला फरकच पुसला जाणार. संमतिपत्रात विषय लपवायचा तर तो नीतिमत्तेचा वेगळाच गुंता. फळ्यावर तिथे प्रश्नचिन्ह काढून आम्ही चहाला गेलो.

नंतर तिने विषय थोडा सरकवला. पाणी जास्त की कमी हे सोडून, दिवसाला दोन-तीन गोड पेयं घेणाऱ्यांनी ती बंद करून त्या जागी पाणी घेतलं तर काय होतं, हा प्रश्न घेतलाय. तुलनेच्या गटाला त्याच जागी बिनसाखरेचं पेय. तिथे कोणाचंही पाणी तोडावं लागत नाही, आणि आलेलं पाणी व गेलेली साखर वेगळी करायची थोडी तरी सोय होते. प्रस्तावनेतलं ते वाक्य तिने बदललं. आता तिथे असं आहे: “पिण्याच्या पाण्याचे प्रमाण वाढवल्यास निरोगी त्वचेच्या वरच्या थरातील ओलावा किंचित वाढू शकतो असे मर्यादित पुराव्यावरून दिसते; मुरुमांच्या रुग्णांमध्ये याची तपासणी झाल्याचे आम्हाला आढळले नाही.” गाइडने समासात लिहिलंय, वाक्य फार लांब आहे. लांब आहे खरं. तिने ते तसंच ठेवलंय.